अनोळखी मृतदेहाला नाव कसं मिळतं

स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, चार ओळींचं एक आवाहन असतं. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५, उंची ५ फूट ५ इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात निळा चौकटीचा शर्ट. ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.’ सोबत एक काळपट फोटो. बहुतेक घरांत तिथून पान उलटतात. माझ्या मावशीच्या घरी तो चौकोन कात्रीने कापून ठेवतात.

मावशी नागपूरच्या महाल भागात राहते. तिचा मधला मुलगा २०११च्या मे महिन्यात, भर दुपारी, ‘स्टेशनवर जाऊन येतो’ म्हणून निघाला तो अजून आलेला नाही. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मिसिंगची नोंद झाली, फोटो लावून झाले, देवधर्म झाला. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते म्हणून असेल, पण शवागारात जायची वेळ आली की मावशी मला सोबत नेते. अशा फेऱ्या चार झाल्या. इथे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं मी त्या फेऱ्यांनंतर रात्री पुस्तकं उघडून शिकले.

पहिल्या फेरीत मावशीने शर्ट पाहिला आणि म्हणाली, ‘हाच हाय.’ चेहऱ्याकडे तिने बघितलं नाही, बघण्यासारखा तो राहिलाही नव्हता. हवालदार कागद पुढे करणार तेवढ्यात पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, ‘आई, त्याचं कधी हाड मोडलं होतं का? कसलं ऑपरेशन?’ मावशी थबकली. ‘मोडलं होतं ना. डाव्या मांडीत रॉड हाय त्याच्या. स्कूटरवरून पडला होता.’ डॉक्टर आत गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. मांडीवर व्रण नव्हता, आत रॉड नव्हता. तो आमचा नव्हता. बाहेर येऊन मावशीने लागोपाठ दोन कप चहा घेतला, मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मग हा कोणाचा पोरगा होय गं?’

गुलाबी कागद आणि पिवळा कागद

ओळख पटवणं म्हणजे जुळणी करणं. एका बाजूला मृतदेह काय सांगतो ते, दुसऱ्या बाजूला तो माणूस हिंडता-फिरता असताना त्याच्याबद्दल काय नोंदलं गेलं ते. मोठ्या दुर्घटनांसाठी इंटरपोलने जी पद्धत घालून दिली आहे तिच्यात यासाठी दोन रंगांचे फॉर्म असतात. मृतदेहावर सापडलेलं सगळं गुलाबी फॉर्मवर लिहायचं. हरवलेल्या माणसाबद्दल घरच्यांनी, त्याच्या डॉक्टरने, दातांच्या डॉक्टरने सांगितलेलं पिवळ्या फॉर्मवर. मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचे.

गुलाबी कितीही बारकाईने भरला, पण पिवळा कोरा असला तर मृतदेह अनोळखीच राहतो. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. कुणी बेवारस स्थितीत सापडलं की पोलीस मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो, नागपुरात मेडिकल किंवा मेयोसारख्या सरकारी रुग्णालयात पीएम होतं. गुलाबी बाजू बऱ्यापैकी भरली जाते. पण या माणसाची पिवळी बाजू कुठल्या गावात, कुणाच्या कपाटात आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्याच पद्धतीत पक्क्या पुराव्यांच्या रांगेत तीन गोष्टी बसतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. शरीरात बसवलेल्या यंत्रावरचा अनुक्रमांक हाही तितकाच भरवशाचा. गुडघा बदललेला असेल, पेसमेकर असेल, तर त्यावरच्या आकड्यावरून रुग्णालय आणि तिथून माणूस सापडू शकतो. कपडे, गोंदण, व्रण, कागदपत्रं ही दुसऱ्या रांगेत. नुसता चेहरा बघून ‘हाच तो’ म्हणणं दुर्घटनेत पुरेसं मानत नाहीत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. आईला लेकराचा चेहरा ओळखू येणार नाही?

येणार नाही, असं होऊ शकतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, उघड्यावर पडलेल्या देहाचा चेहरा दीड-दोन दिवसांत सुजतो, ओठ-पापण्या फुगतात, कातडी हिरवट आणि मग काळपट पडते. जाहिरातीतली ‘रंग सावळा’ ही ओळ त्यामुळे सगळ्यांत फसवी. गोरा माणूसही तिथवर जाऊन सावळा होतो. शिवाय बघणारा माणूस आधीच खचलेला असतो. इतके दिवस न सुटलेली गाठ एकदाची सुटावी असं मनाच्या तळाशी वाटत असतं, आणि निळा चौकटीचा शर्ट बाजारात हजारोंनी विकला जातो.

गोंदणाचं मात्र उलटं आहे. गोंदणाची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खालच्या थरात असते. देह कुजताना वरचा पापुद्रा सुटतो तेव्हा काळवंडलेल्या हातावरचं नाव एकदम स्पष्ट दिसायला लागतं. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायांच्या हातांवर नवऱ्याचं, भावाचं नाव असतं. ओलं फडकं फिरवून ते नाव वाचता येतं.

‘वय अंदाजे’ कुठून येतं

चेहरा गेला तरी हाडं राहतात, आणि ती शांतपणे बरंच बोलतात. पहिला प्रश्न असतो बाई की पुरुष. त्याचं उत्तर कमरेच्या हाडांत सापडतं. बाईच्या ओटीपोटाची चौकट बाळंतपणासाठी रुंद असते, पुढच्या बाजूला दोन हाडं जुळतात तिथला कोन मोठा असतो. पुरुषाचा कोन अरुंद. अमेरिकन तज्ज्ञ क्रॉगमन यांनी दिलेले आकडे अजून शिकवले जातात: अख्खा सांगाडा मिळाला तर जवळजवळ खात्री, नुसत्या कमरेच्या हाडांवरून ९५ टक्के, कवटीवरून ९० च्या आसपास, हातापायांच्या लांब हाडांवरून ८० टक्के. म्हणजे काय सापडलं यावर उत्तराची खात्री ठरते.

उंचीसाठी मांडीचं हाड लागतं. ते माणसाच्या उंचीच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त असतं. ४५ सेंटिमीटरचं हाड मिळालं तर माणूस साधारण १६८-१६९ सेंटिमीटरचा, म्हणजे साडेपाच फुटांचा, आणि त्यात तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे. पेपरातले ‘५ फूट ५ इंच’ असे एका आकड्यात छापतात, पण खरं ते दोन आकड्यांच्या मधलं अंतर असतं. आपला माणूस ५ फूट ७ इंचांचा होता म्हणून आवाहन बाजूला टाकू नये.

वय सांगणं लहानपणी सोपं आणि पुढे कठीण होत जातं. मुलांच्या हाडांची टोकं मधल्या भागापासून वेगळी असतात, मध्ये कूर्चा असते. वाढ संपत आली की ठरावीक क्रमाने ती जोडली जातात: आधी कोपर, मग मनगट, कमरेचा काठ, आणि सगळ्यांत शेवटी गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक, विशी ओलांडल्यावर. म्हणून अठराच्या आतबाहेरचा वाद कोर्टात आला की एक्सरे काढतात. तिथेही दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक गृहीत धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगून ठेवलं आहे. तिशीनंतर मोजायला जोडणी उरत नाही, झीज उरते. आणि झीज कष्टावर, खाण्यावर, आजारावर अवलंबून असते. चाळीस वर्षं गोण्या वाहिलेल्या हमालाचा कणा आणि खुर्चीवर बसलेल्या बाबूचा कणा एका वयाचे दिसत नाहीत. ‘४० ते ४५’ वाचताना मी मनात ‘३५ ते ५५’ धरते.

दात आणि आग

दातावरचं कवच हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. ज्या आगीत कातडी, बोटं, चेहरा काही उरत नाही, तिथेही दाढा पुष्कळदा उरतात, आणि दाढेच्या पोटात जपून राहिलेल्या गरातून कधी कधी डीएनएही मिळतो. प्रत्येकाच्या तोंडात कुठला दात पडलेला, कुठे चांदी भरलेली, कुठे रूट कॅनल, कुठे टोपी, याची जुळवाजुळव इतकी वेगवेगळी असते की दातांचा एक जुना एक्सरे असला तर ओळख तासाभरात पटू शकते.

पण तो असतो कुठे? आपण दाताच्या डॉक्टरकडे जातो ते ठणका असह्य झाल्यावर. तो काढून टाकतो, आपण पैसे देऊन घरी येतो, ना त्याच्याकडे कागद ना आपल्याकडे. पूर्ण जबड्याचा एक्सरे, ज्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात, काढलाच तर फेकू नका. फाइलला लावा. मी माझा लावला आहे, वर तारीख घालून.

आगीबद्दल लिहिताना समृद्धी महामार्गावरची ती बस डोळ्यांसमोरून हलत नाही. १ जुलै २०२३, मध्यरात्र उलटून गेलेली, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. डीएनए तपासणीला दिवस लागणार होते आणि देह तितके दिवस ठेवण्याच्या अवस्थेत नव्हते. नातेवाइकांच्या संमतीने दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. कुणाची राख कुणाची, हे वेगळं करता आलं नाही. मुलाखतीसाठी निघालेली, नोकरीवर परतणारी माणसं होती ती. डीएनएला इतके दिवस का लागतात, असं तेव्हा घरोघर विचारलं जात होतं. त्याचं उत्तर पुढे देते.

शंख, चक्र आणि आधार

लहानपणी आजी आमची बोटं धरून मोजायची: किती चक्रं, किती शंख. ठसेतज्ज्ञही तिथूनच सुरुवात करतात. शंख म्हणजे वळून आल्या वाटेने परतणाऱ्या रेघा, चक्र म्हणजे गोल फिरणाऱ्या, आणि कमान म्हणजे एका बाजूने येऊन वर उचलून दुसऱ्या बाजूने जाणाऱ्या. शंख सगळ्यांत जास्त, साधारण ६० ते ६५ टक्के. चक्रं ३० च्या वर. कमानी जेमतेम ५ टक्के. पण शंख-चक्रावरून माणूस ठरत नाही, फक्त ढीग वेगळे होतात. माणूस ठरतो तो बारीक खुणांवरून: रेघ कुठे अचानक संपली, कुठे तिला फाटा फुटला, दोन रेघांमध्ये एखादं बेट आहे का. या रेघा आईच्या पोटात तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत घडतात. पोटातला दाब, बाळाची हालचाल, बोटाच्या मांसाची वाढ असल्या बारीकसारीक गोष्टींवर त्या अवलंबून असतात. म्हणून एकाच बीजाच्या जुळ्यांचा डीएनए सारखा असतो, पण ठसे वेगळे असतात.

गांधीसागर किंवा अंबाझरी तलावातून काढलेला देह असेल तर बोटांची कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली असते. काही दिवसांनी ती हातमोज्यासारखी अखंड सुटून येते. ही वाचून अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे, पण काम यातूनच होतं. तज्ज्ञ आधी रबरी मोजा घालतो, मग ती सुटलेली कातडी स्वतःच्या बोटावर टोपीसारखी चढवतो, हलकी शाई लावतो आणि कागदावर टेकवतो. मेलेल्या माणसाचा ठसा जिवंत माणसाच्या बोटावरून उमटतो. उलट उन्हाने वाळून लाकूड झालेल्या बोटात द्रव टोचून ते आधी फुगवावं लागतं.

भारताचा या विद्येशी जुना संबंध आहे. जगातल्या अगदी पहिल्या ठसे केंद्रांपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं. ठशांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत पुढे हेन्री नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली, तिचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी बसवलं होतं. त्याच काळात जलपायगुडीच्या एका चहामळ्यातल्या व्यवस्थापकाचा खून झाला. लुटलेल्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं, त्यावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा. तो जुन्या नोकराच्या नोंदीतल्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये त्याला चोरीची शिक्षा झाली, पण खुनातून तो सुटला. मला तो निकाल फार शहाणपणाचा वाटतो. ठसा इतकंच म्हणतो की हा अंगठा इथे टेकला होता. का आणि केव्हा, ते ठशाला माहीत नसतं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. आधारसाठी आपण सगळ्यांनी दहा बोटं दिली आहेत. मग अनोळखी मृतदेहाचं बोट लावून नाव का काढत नाहीत? दोन अडचणी आहेत. एक कायद्याची: आधार कायद्याच्या कलम २९ नुसार ठसे आणि डोळ्यांची नोंद आधार तयार करणं आणि पडताळणी याखेरीज कशालाच वापरता येत नाही. दुसरी कामाच्या पद्धतीची: रोजची पडताळणी ‘हा क्रमांक आणि हे बोट एकाचंच आहे का?’ एवढंच विचारते. क्रमांकच माहीत नसेल तर विचारायचं काय? २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय निघाला तेव्हा आधार प्राधिकरणाने अशीच बाजू मांडली होती.

पण नवीन नोंदणीच्या वेळी यंत्रणा सगळ्या जुन्या नोंदींशी ताडून बघते, आणि त्यातून नागपुरातच एक हरवलेला मुलगा सापडला. लहानपणी जबलपूरहून हरवून नागपूरला पोचलेला, नीट बोलता न येणारा, इथल्या एका कुटुंबाने वाढवलेला. शाळेसाठी त्याचं आधार काढायला गेले तर अर्ज पुन्हा पुन्हा नामंजूर. कारण या बोटांची नोंद आधीच होती, जबलपूरच्या पत्त्यावर. २०२१ मध्ये तो आपल्या आईबापांकडे गेला. तो जिवंत होता, केंद्रावर उभा राहू शकत होता, म्हणून हे झालं.

मृतदेहाचे ठसे पोलीस ताडून बघतात ते अटक झालेल्यांच्या आणि शिक्षा झालेल्यांच्या नोंदींशी. राज्यांच्या नोंदी जोडणारी नॅफिस ही राष्ट्रीय यंत्रणा २०२२ पासून आहे. याचा अर्थ असा की एखाद्या जुन्या चोराचं नाव काही मिनिटांत कळू शकतं आणि आयुष्यभर ठाण्याची पायरी न चढलेला सरळमार्गी माणूस अनोळखी म्हणून जातो. हे मला सहन होत नाही. मृतदेहापुरती, न्यायालयाच्या परवानगीने, एक वाट कायद्यात असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

रुळावरचे डबे

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी, सुमारे तीन अब्ज अक्षरांची. तुमची आणि माझी पोथी जवळजवळ सारखीच असते. पण तिच्यात काही जागा अशा असतात जिथे चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. रेल्वेचे सारखे डबे एकापाठोपाठ जोडावेत तसा. तपासणीत डब्यात काय भरलंय ते बघत नाहीत, डबे मोजतात.

प्रत्येक जागी दोन गाड्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा एका जागी माझी एक गाडी ९ डब्यांची, दुसरी १२ डब्यांची. ९ आणि १२ ही जोडी दहांतल्या एकाकडे असेल. मग दुसरी जागा मोजायची. तिथलीही जोडी दहांत एकाकडे असेल, तर दोन्ही जुळणारा शंभरांत एक. तिसरी जागा, हजारांत एक. आजकालची किट वीसहून जास्त जागा एकदम मोजतात. वीस वेळा दहाने गुणून बघा, पृथ्वीवर तितकी माणसं नाहीत. अपवाद एका बीजाच्या जुळ्यांचा.

१९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखता येईल हे उमगलं. त्याच भागात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींचे खून झाले, आणि एका पोराने त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती. तपासणीत निघालं की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो हा पोरगा नव्हेच. खरा गुन्हेगार पुढे सापडला, १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. म्हणजे या शास्त्राने गुन्ह्याच्या तपासात पहिलं काम केलं ते एका निर्दोषाला सोडवण्याचं. आपल्याकडे हैदराबादला लालजी सिंह यांनी हे तंत्र उभं केलं. दिल्लीतल्या १९९५ च्या तंदूर हत्याकांडात जळालेला देह कुणाचा हे आईबापांच्या रक्तावरूनच पक्कं झालं.

आईबाप चालतात ते असे. मुलाच्या प्रत्येक जागी एक गाडी आईकडची असलीच पाहिजे. आईकडे ९ आणि १२, आणि मृतदेहाकडे १० आणि ११ निघाले, असं चार-पाच जागी झालं, तर तो तिचा मुलगा नाही. संपलं. ‘नाही’ म्हणायला थोडा पुरावा पुरतो. ‘हो’ म्हणायला सगळ्या जागा जुळाव्या लागतात, आणि आई-बाप दोघांचे नमुने असले तर ते ‘हो’ खूप पक्कं होतं.

आता दिवस का लागतात ते. हाडातून डीएनए काढायचा तर हाड आधी घासून स्वच्छ करायचं, दुसऱ्या कुणाचा स्पर्श राहू द्यायचा नाही. मग दळून पीठ करायचं, त्यातला चुना द्रावणात विरघळवायचा, उरलेल्या चिमूटभर पेशींतून डीएनए वेगळा करायचा, तो यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा आणि मग डबे मोजायचे. जळालेल्या हाडात लांब गाड्या तुटलेल्या असतात, छोट्याच मोजता येतात, म्हणून पुन्हा करून बघावं लागतं. पंचवीस देह असतील तर प्रत्येक देह प्रत्येक घराशी ताडायचा. घाईत एक बाटली इकडची तिकडे झाली तर दोन घरांवर अन्याय होतो.

आणि चुका होतात. जर्मनीत काही वर्षं पोलीस एका बाईला शोधत होते, जिचा डीएनए चाळीसएक गुन्ह्यांच्या जागी सापडला होता. एका महिला पोलिसाच्या खुनातही. २००९ मध्ये उलगडा झाला. नमुना घ्यायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात पॅक होत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक केलेले होते. पण जंतू मारले म्हणजे डीएनए जात नाही.

वाघांनी शिकवलेलं

काही पद्धतींवर माझा विश्वास नाही, आणि त्यावर फार जागा खर्च करत नाही. चावल्याच्या खुणेवरून माणूस ठरवणं याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या वैज्ञानिकांच्या समितीने २०१६ मध्ये स्वच्छ सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली केस शेजारी ठेवून ‘एकाचेच’ म्हणणंही असंच. रक्तगटाने ‘हा नाही’ एवढंच कळतं. बी पॉझिटिव्ह आपल्या गल्लीतच किती निघतील!

आपल्या विदर्भातल्या माणसाला हे वाघांवरून चटकन समजेल. पूर्वी वाघ मोजायचे ते पंजाच्या ठशांवरून. अनुभवी माणूस मातीतला ठसा बघून सांगायचा, हा अमका वाघ. राजस्थानात सरिस्काला कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. त्यानंतर देशभर कॅमेरे आले. ताडोबात, पेंचमध्ये आता पट्टे बघतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या कुशीचे आणि उजव्या कुशीचेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा. फोटो राहतो, दुसरा कुणीही तो तपासू शकतो. मातीतला पंजा पावसात वाहून जातो आणि मागे उरतो फक्त तज्ज्ञाचा शब्द.

बोटांच्या ठशांतही ही तपासणी सुटली की घोटाळा होतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांत एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे असं एफबीआयच्या एकाहून जास्त तज्ज्ञांनी सांगितलं. त्याला अटकही झाली. स्पेनच्या पोलिसांना पहिल्यापासून शंका होती, त्यांना खरा माणूस दुसराच सापडला. पहिल्या तज्ज्ञाचं मत माहीत असताना दुसऱ्याने बघितलं, तर ती तपासणी होत नाही, मान डोलावणं होतं.

कंगवा

आमची चौथी फेरी एका सांगाड्यासाठी होती. शहराबाहेर झुडपांत सापडलेला, पुरुष, वय आणि उंची जुळण्यासारखी. डाव्या मांडीचं हाडच नव्हतं, जनावरांनी नेलं असावं. त्यामुळे रॉडचा प्रश्न सुटत नव्हता. मावशीने पिशवीतून एक कंगवा काढला. काळा, दोन दात तुटलेला, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. त्यात त्याचे केस अडकलेले होते. इतकी वर्षं तिने तो धुतला नव्हता.

डॉक्टरांनी तो हातात घेऊन बघितला आणि हळूच परत दिला. गळलेल्या केसाच्या मुळाशी फारशा पेशी नसतात, त्यामुळे डबे मोजण्याइतका डीएनए त्यातून सहसा मिळत नाही. केसाच्या दांड्यात मिळतो तो वेगळा, छोटा डीएनए, जो फक्त आईकडून येतो. ‘आई, यात जे सापडेल ते तुमच्या रक्तात आहेच,’ त्या म्हणाल्या. मावशीने लगेच हाताची बाही वर केली. काका, म्हणजे त्याचे वडील, तर २०१४ मध्येच गेले, म्हणून त्याच्या धाकट्या भावाचंही रक्त घेतलं. पंचांसमोर सील झालं, सह्या झाल्या.

निकाल आला, जुळत नाही असा. रक्त त्या एका सांगाड्यापुरतं घेतलं होतं. उद्या दुसऱ्या जिल्ह्यात हाडं सापडली तर पुन्हा पहिल्यापासून. हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे आणि अनोळखी मृतांचे नमुने एका ठिकाणी ठेवून आपोआप ताडण्याची तरतूद डीएनए विधेयकात होती. ते २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. सरकारच्या हाती सगळ्यांचा डीएनए जाण्याची भीती खोटी नाही, मलाही ती वाटते. पण ज्या आया स्वतःहून बाही वर करायला तयार आहेत, त्यांच्यापुरता तरी कायदा वेगळा काढून करता आला असता.

त्या संध्याकाळी महालातल्या घरी बसून आम्ही दोघींनी मिळून पिवळा कागद भरला. फॉर्म नव्हता, माझ्या वहीचं पान होतं. उंची त्याच्या भरतीच्या कागदावरून मिळाली. रॉडचा एक्सरे ट्रंकेत तळाशी होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. हसतानाचा एक फोटो शोधला, समोरचे दात दिसतील असा. वरचा डावा सुळा थोडा वर चढलेला आहे त्याचा, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. कंगवा मी प्लास्टिकमधून काढला, कारण बंद पिशवीत दमट हवा अडकते आणि बुरशी येते, आणि कागदी पाकिटात घातला. एखाददुसऱ्या केसाला मूळ असेलही. मावशी बघत होती. ‘पाकिटावर नाव लिही,’ ती म्हणाली, ‘आणि तारीख टाक. मी गेल्यावर कोणाला समजलं पाहिजे.’